ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांनाच त्यांची चूक कशी सांगायची?

कुपवाड_सेकंडशिफ्ट

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज विचारायचंच म्हणून लिहितोय, थोडं लांबेल.

कुपवाड एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये आहे. दिवाळीनंतर मला सेकंड शिफ्टचा इनचार्ज केलं. शिफ्टला सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, एक काका आहेत, पन्नाशी ओलांडलेली. मी ट्रेनी म्हणून आलो तेव्हा मायक्रोमीटर कसा धरायचा ते यांनीच शिकवलं. नुसता कटिंगचा आवाज ऐकून इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, बदलायला आलंय ते सांगतात, असा माणूस.

आता अडचण. पंपाची एक हाउसिंग करतो आम्ही, तिचा बोअर (आतलं गोल भोक) ६२ एच७, म्हणजे ६२.००० ते ६२.०३० मिलिमीटर, सगळा मिळून तीस मायक्रॉनचा खेळ. दर दहाव्या जॉबला (तयार नगाला) डायल बोअर गेजनं, म्हणजे भोकाचा नेमका आकडा दाखवणाऱ्या काट्याच्या गेजनं, माप घेऊन शीटवर लिहायचं असं ठरलंय. काका मशीनवरून निघालेल्या गरम जॉबमध्येच प्लग गेज घालतात, त्याचं बारीक टोक (गो) आत गेलं, जाड टोक (नो-गो) अडकलं, की जॉब ओके, आकडा काही कळत नाही. जॉब थंड झाला की बोअर थोडा आखडतो, त्यात इन्सर्ट झिजत चाललेला असला की बोअर आधीच बारीक व्हायला लागलेला असतो, मग बेअरिंग बसत नाही. मागच्या लॉटमधले काही जॉब ग्राहकानं परत पाठवले. शीट काढून बघितली तर सगळ्या रकान्यात ६२.०१५, ६२.०१५, ६२.०१५. एकाच पेनानं, एका दमात लिहिल्यासारखं.

मालक म्हणाले तुझी शिफ्ट आहे, तू बोल. मी दोन-तीनदा मशीनपाशी गेलो आणि चहा झाला का विचारून परत आलो. बाकीची पोरं बघतायत की मी काकांना काही बोलतोय का नाही ते. जे लोक माणसं सांभाळतात त्यांनी सांगा, सुरुवात कुठून करायची?

बेदाणा_तासगाव

सुरुवात शीटपासून करायची, त्यात एवढं अवघड काय हाय. शीट पुढं ठेवायची आणि विचारायचं हे काय हाय म्हणून. वय, मान, शिकवलं बिकवलं घरी. माल परत आला की गाडीभाडं मालकाचं जातंय.

माझ्या शेडवर सीझनला बेदाणा निवडायला बायका असतात. हिरव्यात पिवळा मिसळला तर सौद्यात व्यापारी मूठभर उचलून बघतो आणि तिथंच दर पाडतो. त्यामुळं मी ट्रेपाशीच बोलतो, तिथल्या तिथं, स्पष्ट. नंतर बोलू म्हटलं तर तो ट्रे पेटीत गेलेला असतो.

भडंगप्रेमी

काकांना आधी भडंग खाऊ घाला, मग बोला. सांगलीत कुठलंही काम असंच होतं.

साताऱ्याची_लेक

मी पुण्यात एचआरला आहे, घर साताऱ्यात, शनिवारी खंबाटकी ओलांडला की जीवात जीव येतो. हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक गोष्ट जी नव्या लीडरना कोणी सांगत नाही. फीडबॅक दिला म्हणजे काम सुधारतंच असं नाही. क्लुगर आणि डिनिसी या दोन संशोधकांनी १९९६ मध्ये आधीच्या शेकडो प्रयोगांचे निकाल एकत्र करून तपासले. सरासरी बघितली तर फीडबॅकनं काम सुधारतं, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅकनंतर काम उलट बिघडलं होतं. त्यांनी जे कारण मांडलं ते महत्त्वाचं आहे. लक्ष कामावर राहिलं तर फायदा होतो, बोलणं माणसाच्या स्वतःच्या किमतीवर गेलं की तो काम सोडून स्वतःला सावरण्यात गुंततो. म्हणजे "बोअर थंड झाल्यावर बारीक येतोय" आणि "काका तुमचं हल्ली लक्ष नसतं" ही दोन वाक्यं दिसायला जवळची आहेत, पण दुसरं म्हटलं की संपलं सगळं.

आमच्या ट्रेनिंगमध्ये एक साधी पद्धत शिकवतात, सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या अमेरिकन संस्थेची. आधी प्रसंग सांगायचा, कधी, कुठे. मग समोरच्यानं नेमकं काय केलं ते, जे कॅमेऱ्यात दिसलं असतं तेवढंच. मग त्याचा परिणाम काय झाला. बास. त्यात "नेहमी", "कधीच नाही", "बेफिकीर", "ॲटिट्यूड" हे शब्द येत नाहीत. आणि त्यानंतर लगेच विचारायचं, तुमच्या बाजूनं काय झालं होतं? हा प्रश्न विचारून गप्प बसणं लोकांना सगळ्यात जड जातं.

बेदाणा दादा, तुमचा "तिथल्या तिथं" हा मुद्दा शंभर टक्के पटला. पण चारचौघांत नको. तिथल्या तिथं आणि सगळ्यांसमोर या वेगळ्या गोष्टी आहेत.

बेदाणा_तासगाव

ताई ऑफिसात केबिन असते. माझ्या शेडवर पत्रा आणि जाळी हाय फक्त. बाजूला नेऊ कुठं? बाजूला नेलं तर उलट बाकीच्या म्हणतात हिला काढणार आता.

मिरजेची_सिस्टर

बेदाणा दादांचं खरं आहे, आमच्याकडं पण केबिन नाही. मिरजेत एका हॉस्पिटलमध्ये आयसीयूची इनचार्ज आहे मी. पेशंटच्या बेडपाशी ज्युनियर सिस्टरची चूक दिसली आणि ती पेशंटला धोक्याची असली तर तिथंच हात धरून थांबवायचं, त्यात मागंपुढं बघायचं नाही. पण थांबवणं वेगळं आणि समजावणं वेगळं. थांबवताना दोन शब्द: "थांब, डोस परत बघू." समजावणं हँडओव्हर झाल्यावर, औषधाच्या ट्रॉलीपाशी, हळू आवाजात. नातेवाईकांसमोर तर कधीच नाही, कारण मग त्या पोरीवर नातेवाईकांचा विश्वास उरत नाही आणि पुढची आख्खी रात्र तिनं काढायची असते.

अजून एक, आमच्या क्षेत्रातलं. एमी एडमंडसन म्हणून अमेरिकेतल्या संशोधक आहेत, त्यांनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलच्या वॉर्डांमध्ये औषधाच्या चुका मोजल्या. ज्या वॉर्डात टीम चांगली, इनचार्ज चांगली, तिथं चुका कमी निघतील अशी अपेक्षा होती, निघाल्या जास्त. शोध घेतल्यावर कळलं की तिथं चुका जास्त होत नव्हत्या, तिथं लोक सांगत होते. भीतीच्या वॉर्डात कागदावर सगळं स्वच्छ.

म्हणून कुपवाड दादा, ते ६२.०१५ वाचून मला काकांपेक्षा शॉपची काळजी वाटली. सगळे आकडे एकसारखे सुंदर यायला लागले की समजायचं, खरा आकडा लिहिला तर काय होतं याची कोणाला तरी धास्ती आहे, नाहीतर तो आकडा कोणी वाचतच नाही याची खात्री आहे. तुमच्याकडं कोणतं आहे ते शोधा आधी.

विश्रामबाग_सांगली

सिस्टर, +१. शेवटचा परिच्छेद आमच्या ऑफिसच्या नोटीस बोर्डावर लावण्यासारखा आहे.

कृष्णाकाठी_बँकवाली

मी लीडर नाही, ऐकून घेणाऱ्या बाजूची आहे, तेही लिहायला पाहिजे कोणीतरी.

आधीच्या एका नोकरीत वर्षाच्या शेवटी साहेबांनी बोलावून सांगितलं, "तुमच्यात ओनरशिप कमी आहे, जरा ॲटिट्यूड बदला." मी विचारलं सर नक्की कुठल्या कामात? तर म्हणाले असं एक काम नाही, ओव्हरऑल. मी घरी येऊन नवऱ्याला विचारलं, आईला विचारलं, मैत्रिणीला विचारलं, कोणालाच सांगता येईना ओव्हरऑल म्हणजे काय बदलायचं. पुढचे कित्येक महिने मी काउंटरवर प्रत्येक गोष्टीत घाबरत काम केलं, कारण कशात कमी पडतेय तेच माहिती नव्हतं. एखादी फाईल, एखादा ग्राहक, एक तारीख सांगितली असती तर मी दुसऱ्या दिवशी सुधारली असती.

आत्ताच्या मॅनेजर मॅडम लॉकर रजिस्टर घेऊन आल्या, म्हणाल्या बघ इथं वेळ टाकलीय पण बाहेर गेल्याची वेळ नाही, ऑडिटला हेच विचारतात. दोन मिनिटं. मला रागही आला नाही आणि परत ती चूकही झाली नाही. त्यामुळं काकांना राग येईल का याची इतकी धास्ती घेऊ नका. माणसाला नेमकं सांगितलेलं आवडतं.

पोवई_नाका

सँडविच पद्धत करा ना सरळ. आधी कौतुक, मधे चूक, शेवटी परत कौतुक. आमच्या कंपनीत सगळे साहेब असंच करतात.

निवृत्त_वाडीकर

साहेब, पोवई नाक्यावरचे तुम्ही, कंदी पेढ्यात कडू गोळी घालून देता होय? माणूस पेढा खातो आणि गोळी थुंकतो. किंवा पुढच्या वेळी पेढा दिसला की हात मागं घेतो. चाळीस वर्षांची सर्व्हिस झालेल्या माणसाला सुपरवायझरनं "तुमचा हात लै चांगला" म्हटलं की तो मनात म्हणतोय, हं, आता बोल पुढचं.

पोवई_नाका

पेढ्यावरून साताऱ्याला बोलू नका हो 😄 बाकी मुद्दा कळला. पण मग कौतुक करायचंच नाही का?

निवृत्त_वाडीकर

करायचं की. पण त्याचं त्याचं वेगळं करायचं. ज्या दिवशी काम चांगलं झालं त्या दिवशी करायचं, आणि तेही काय चांगलं झालं ते सांगून. चूक सांगायच्या दिवशी उसनं कौतुक आणायचं नाही.

भडंगप्रेमी

पण कंदी पेढा मूळचा साताऱ्याचाच, यावर धाग्यात एकमत आहे ना?

साताऱ्याची_लेक

आहे. आता विषयावर या 🙏

आयटी_कराड

थोडं वेगळं. मी कराडला घरूनच काम करतो, टीम पुणे, बेंगळुरू, एक मुलगी नागपूरहून. आमच्याकडं सगळा फीडबॅक लेखी, कोड रिव्ह्यूत, म्हणजे एकमेकांचा कोड तपासताना, कॉमेंट टाकायची. लेखी शब्दाला चेहरा नसतो हे मी रोज बघतो. "हे असं का केलं?" हे मी खरंच जाणून घ्यायला लिहितो आणि समोरच्याला ते दरडावल्यासारखं वाटतं. म्हणून आमच्या टीमचा नियम आहे, एकाच मुद्द्यावर दोनदा उत्तर-प्रत्युत्तर झालं की टायपिंग बंद, सरळ फोन. आणि गंभीर काही सांगायचं असेल तर चॅटवर "जरा बोलायचंय" एवढंच लिहून सोडत नाही, समोरचा माणूस तासभर पोटात गोळा घेऊन बसतो. "परवाच्या रिलीजच्या टेस्टिंगबद्दल बोलायचंय, चारला वेळ आहे का" असं पूर्ण लिहितो.

बँकवाल्या ताईंच्या वर्षअखेरच्या अनुभवावरून आठवलं, ॲडोबीनं २०१२ मध्ये वार्षिक अप्रेझलच बंद केलं आणि वर्षभर अधूनमधून बोलणं सुरू केलं. वर्षभराचं साठवून मार्चमध्ये सांगितलं तर ते सुधारायला वेळ कुठं उरतो? नुसता पगारवाढीचा हिशोब होतो तो.

मुख्याध्यापिका_माण

शाळेतलं सांगते. आमच्याकडे मुख्याध्यापकांनी वर्गावर जाऊन पाठ बघायचा आणि लॉगबुकमध्ये शेरा लिहायचा ही जुनी पद्धत आहे. शिक्षक ते शेरे वाचून सही करतात. जुनी लॉगबुकं चाळली तर पानोपानी "अध्यापन समाधानकारक. फलकलेखन सुधारावे." हेच. कोणाचंही फलकलेखन त्यानं सुधारल्याचं मला माहीत नाही.

मी आता शेरा लिहिण्याआधी शिक्षकांशी बोलते आणि पहिला प्रश्न त्यांनाच विचारते, आज वर्गात कुठं अडलं असं तुम्हाला वाटलं? दहातल्या आठ-नऊ जणांना स्वतःलाच माहीत असतं. एका सरांनी सांगितलं, अपूर्णांकाच्या बेरजेला मागच्या तीन बाकांवरची मुलं सुटली, मला दिसत होतं पण तास संपत आला होता. मीही तेच टिपलं होतं. मग मला सांगायचं काही उरलंच नाही, आम्ही फक्त एवढंच ठरवलं की उद्या सुरुवात मागच्या बाकांपासून. आणि दुसऱ्या दिवशी मी पाच मिनिटं परत जाऊन बघितलं. हे परत जाऊन बघणं फार गरजेचं आहे. सांगून निघून जाणारा अधिकारी आणि परत येऊन बघणारा अधिकारी यातला फरक शिक्षकांना बरोबर कळतो.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काल्यात रयत सुरू केली, त्या परंपरेतल्या शाळांत आम्ही शिकलो. मुलांना हातानं काम करत शिकवायचं हे आमच्या मातीतलंच आहे. मोठ्या माणसांनाही सुधारायचं तर असंच, कामाजवळ उभं राहून.

बेदाणा_तासगाव

मॅडम तुमचं शिक्षकांचं ठीक हाय, ती शिकलेली माणसं. रोजंदारीवर आलेल्या माणसाला "तुम्हाला काय वाटतं" विचारलं तर तो म्हणंल मालकाला काम कळत नाही.

मिरजेची_सिस्टर

दादा, एकदा विचारून तर बघा. निवडणाऱ्या बायकांना बेदाण्यातलं तुमच्याइतकंच कळतं, रोज बोटं त्यांची फिरतात त्यातनं. आमच्याकडं मावशींनी सांगितलं म्हणून आम्ही सलाईन स्टँडची जागा बदलली, कोणा डॉक्टरनं नाही सांगितलं.

बेदाणा_तासगाव

बोटं त्यांची फिरतात हे मात्र बरोबर बोलला.

सतारमेकर_गल्ली_शेजारी

मिरजेतच राहतो, तंतुवाद्यवाल्यांच्या शेजारी. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा गल्लीत पेढे वाटलेले. या धाग्यावर लिहावंसं वाटलं कारण तिथलं शिकवणं मी लहानपणापासून बघतोय. पोरगा जवारी काढायला बसतो, म्हणजे घोडीचा वरचा भाग कानसीनं आणि पॉलिश पेपरनं इतका हलका घासायचा की तार त्यावर टेकून भरलेला, लांब टिकणारा नाद यावा. थोडं जास्त घासलं की आवाज बसला. उस्ताद तोंडानं "चुकलं" म्हणतच नाहीत. तार चढवतात, छेडतात, आणि पोराकडं बघतात. पोरगा स्वतः ऐकतो. नाही कळलं तर शेजारी चांगला लागलेला तानपुरा छेडतात, आणि परत याचा. मग पोरगाच म्हणतो, खर्जाच्या तारेला कमी पडतंय. त्यानंतर उस्ताद कुठं घासायचं ते बोटानं दाखवतात.

कुपवाडकर, तुमच्या काकांना तुम्ही आकडे सांगू नका. परत आलेला जॉब आणि गेज त्यांच्या हातात द्या, माप त्यांनाच घेऊ द्या.

निवृत्त_वाडीकर

हे वरचं सगळ्यात भारी. गेज त्यांच्या हातात द्या.

आता माझं म्हणणं, युनियनमध्ये बरीच वर्षं काढलेला माणूस म्हणून. एक गोष्ट ताईंनी आणि मॅडमनी नाही लिहिली. कामाबद्दल बोलणं आणि कारवाई यांची गल्लत करू नका. माप न घेता आकडा लिहिणं हे स्टँडिंग ऑर्डर (कंपनीची शिस्तीची नियमावली) काढून बसलं तर गैरवर्तनात बसवता येतं, मेमो, खुलासा, चौकशी, सगळी लाईन लागते. तुम्ही सुधारायला म्हणून बोलायला गेलात आणि खिशात मेमो ठेवलात तर काका तुमच्याशी एक शब्द खरा बोलणार नाहीत, आणि बोलावं तरी का? मी असे इनचार्ज बघितलेत, "मोकळं बोला" म्हणायचे आणि तेच बोलणं पुढं चौकशीत वाचून दाखवायचे. त्या डिपार्टमेंटमध्ये मग कोणी कधीच काही बोललं नाही.

तर आधी मालकाकडून पक्कं करून घ्या की ही गोष्ट बोलून सोडवायचीय. आणि ते काकांना सुरुवातीलाच सांगा, "हे कागदावर जाणार नाही." सांगितलं तर पाळा.

डेमिंग, ज्यांनी १९५० मध्ये जपानला जाऊन क्वालिटीवर व्याख्यानं दिली, त्यांच्या चौदा मुद्द्यांत एक सरळ आहे, कामाच्या जागेवरून भीती घालवा. ते असंही म्हणायचे की बहुतेक दोष पद्धतीत असतात, आणि पद्धत बदलणं व्यवस्थापनाच्या हातात असतं, मशीनवरच्या माणसाच्या नाही. आमच्याकडं क्वालिटी सर्कलच्या (कामगारांनीच बसून दोष शोधायच्या गटांच्या) काळात हे भिंतीवर लिहिलेलं असायचं. भिंतीवरून खाली फार थोड्यांनी आणलं.

विश्रामबाग_सांगली

वाडीकर, तुम्ही वेगळा धागा काढा हो सर्कलच्या दिवसांवर. वाचायला आवडेल.

साताऱ्याची_लेक

वाडीकर काकांचा मुद्दा फार महत्त्वाचा, मी लिहायला हवा होता असा. त्यात एवढीच भर: लीडरनं स्वतःही विचारायचं, माझ्या बाजूनं काय कमी पडतंय? पण "माझ्याबद्दल काही फीडबॅक आहे का" असं विचारलं तर सगळे "नाही नाही सर, सगळं छान" म्हणतात. नेमकं विचारा, "शीट भरायला काय अडचण येते?" त्याला उत्तर मिळतं.

कुपवाडकर, बोललात का? आम्ही सगळे वाट बघतोय.

कुपवाड_सेकंडशिफ्ट

बोललो. उशिरा लिहितोय, शिफ्ट अकराला सुटते.

मालकांशी आधी बोललो, वाडीकर काकांनी सांगितलं तसं. ते म्हणाले मला माल नीट पाहिजे, कागद नको. मग शिफ्ट सुरू व्हायच्या आधी, तीनच्या भोंग्याअगोदर, काका मशीन पुसत होते तेव्हा गेलो. बाकीची पोरं कँटीनला होती. परत आलेली एक हाउसिंग आणि इन्स्पेक्शन रूममधनं बोअर गेज असं दोन्ही नेलं. म्हटलं काका, परवाच्या लॉटमधला जॉब हाय, बेअरिंग बसेना म्हणून आलाय, हे कागदावर जाणार नाही, तुम्ही एकदा माप बघा. त्यांनी पक्क्या मापाच्या रिंगवर गेज झिरो केला, बोअरमध्ये घालून हलवला, काटा बघितला, परत काढून परत घातला. ६१.९९४. परत पुसून घेतलं, तेवढंच.

मी लगेच काही बोललो नाही (ताई, खरंच जड जातं). मग काकाच म्हणाले, "गरम असताना जातोय गेज. थंड झाल्यावर कोण बघतंय." आणि नंतर म्हणाले, "सहा वाजल्यावर बोअर गेज मिळतोय कुठं रं? क्यूसीवाला रूमला कुलूप घालून जातोय."

मंडळी, हे खरं आहे. क्यूसी, म्हणजे माल तपासणारा, जनरल शिफ्टला, सहाला जातो, गेज आत. फर्स्ट शिफ्टला काही अडत नाही त्यामुळं कोणी बोललं नाही. आमच्या शिफ्टला सहापासून अकरापर्यंत गेज नाही, आणि शीट मात्र भरलेली पाहिजे, नाहीतर सकाळी क्यूसी ओरडतो. सिस्टरांनी लिहिलेलं डोळ्यांपुढं आलं.

पण मी तिथं थांबलो नाही, कारण मला वाटलं ते पण अर्धवट होईल. म्हटलं काका गेजचं मी बघतो, ते माझं काम. पण माप घेतलं नसलं तर आकडा लिहू नका. रकाना रिकामा सोडा, मी तिथं "गेज उपलब्ध नाही" लिहून माझी सही करतो, ओरडायचं ते मला ओरडतील. त्या आकड्यावर भरवसा ठेवून इन्सर्ट कधी बदलायचा ते ठरतंय. काका थोडे गप्प झाले, मग म्हणाले, "आधी कुणी रिकामा सोडू दिलाय का." एवढंच. रागावले नाहीत, पण त्या दिवशी माझ्याशी जास्त बोललेही नाहीत. दुसऱ्या दिवशी शीटवर तीनपासून सहापर्यंतची रीडिंग होती, ६२.०१८, ६२.०१६, ६२.०११, आणि पुढं रिकामं. मी सही केली.

मिरजेची_सिस्टर

०१८, ०१६, ०११. बघा, खरे आकडे आले की उतरण दिसायला लागली. आता इन्सर्ट कधी बदलायचा ते शीटच सांगेल.

कृष्णाकाठी_बँकवाली

रिकाम्या रकान्यावर स्वतः सही करणारा इनचार्ज मला मिळाला असता तर मी ती नोकरी सोडली नसती. मनापासून लिहितेय.

बेदाणा_तासगाव

कुपवाडकर, नीट केलं. माझं अजून म्हणणं हाय की चुकीचा आकडा लिहिला ते काकांना स्पष्ट सांगायलाच पाहिजे होतं, आणि तू सांगितलंस, म्हणून बरं वाटलं. नुसतं कुलपावर ढकललं असतंस तर मी इथं भांडलो असतो.

मुख्याध्यापिका_माण

काका त्या दिवशी कमी बोलले याचं मनाला लावून घेऊ नका. मोठ्या माणसाला थोडा वेळ लागतो. तुम्ही रोजच्यासारखंच वागा, मुद्दाम जास्त गोड बोलायला जाऊ नका. आणि आठवड्याभरानं शीट बघून जे सुधारलंय ते सांगा, आकडा दाखवून.

आयटी_कराड

गेजचं काय झालं? चावी मिळाली का?

कुपवाड_सेकंडशिफ्ट

दुसरा गेज मागितलाय, पर्चेस म्हणतंय पुढच्या महिन्यात बघू. तोवर क्यूसीकडून चावी मागितली तर तो म्हणतो गेजची जबाबदारी माझी, पडला बिडला तर कॅलिब्रेशन कोण करून आणणार. त्याचंही चूक नाही. पण आता नवीन अडचण ही की क्यूसीवाला माझ्या बरोबरीचा, मी त्याचा साहेब नाही. त्याला हे सगळं कसं सांगायचं? "तुझ्या कुलपामुळं लॉट परत आला" म्हटलं की तो भांडणार.

निवृत्त_वाडीकर

कुलूप म्हणू नका. त्याला सहानंतर एक दिवस थांबवा, काकांच्या मशीनपाशी. गरम जॉबचं माप काकांनी घ्यायचं, अर्ध्या तासानं थंड जॉबचं त्यानं घ्यायचं. दोन्ही आकडे त्याच्याच शीटवर त्याच्या हातानं लिहू देत. मग गेजसाठी रजिस्टर ठेवायचं, घेताना सही, देताना सही, हे तुम्ही सुचवायच्या आधी तोच सुचवतोय का बघा.

कुपवाड_सेकंडशिफ्ट

गुरुवारी थांबतो म्हणालाय. काकांना पण सांगितलंय. कळवतो.